थंडीतल्या मुक्कामासाठी हलकी सॅक बनवून घेताना

सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. स्लीपिंग बॅग, मॅट, तंबू, फेदर जॅकेट, स्टोव्ह हे सगळं जमल्यावर, मोजल्यावर आणि वजनकाट्यावर ठेवून पाहिल्यावर. तयार सॅक घेताना हा क्रम उलटा झाला तरी फार बिघडत नाही, दुकानदार बदलून देतो. मापाने शिवलेली सॅक मात्र बहुतेक कारागीर परत घेत नाहीत, कारण ती दुसऱ्या कुणाच्या पाठीला बसत नाही. चुकीचं माप दिलं तर चूक कायमची आपल्याकडे राहते.

आधी हेही ठरवा की सॅक शिवून घ्यायची गरज आहे का. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडात सांक्रीहून केदारकंठा (१२,५०० फूट) किंवा लोहाजंगहून ब्रह्मताल आयोजकांबरोबर करणार असाल, तर तंबू, स्वयंपाक आणि बहुधा स्लीपिंग बॅगही त्यांची असते. पाठीवर कपडे, पाणी आणि सुका खाऊ मिळून ७ ते ९ किलो भरतात. त्यासाठी चांगली बसणारी ४५ लिटरची तयार सॅक पुरते. सह्याद्रीत कळसूबाई-रतनगडाच्या बाजूला थंडीत रात्र काढायची असेल तरी तेच. तिथे पारा ५ ते १० अंशांवर असतो आणि बर्फाचा प्रश्न नसतो. शिवून घेण्याचा खरा फायदा दोघांना होतो. एक, स्वतःचा तंबू, शेगडी, शिधा घेऊन बर्फात तीन-चार रात्री राहणाऱ्यांना. दुसरे, ज्यांची पाठ फार आखूड किंवा फार लांब असल्यामुळे कुठलीच तयार सॅक बसत नाही त्यांना. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराला धरून आहे: १४ ते १६ किलो ओझं, रात्री उणे ५ ते उणे १० अंश, आणि दिवसभर कोरडा किंवा ओला बर्फ अंगावर.

सामान लिटरमध्ये मोजा

अंदाजाने ‘६०ची द्या’ म्हणू नका. घरी पुठ्ठ्याचा एक मोठा खोका घ्या. सॅकच्या आत जाणारं सगळं सामान, तुम्ही प्रत्यक्ष भरता तितक्याच जोराने दाबून, त्यात रचा. ज्या उंचीपर्यंत भरलं तिथे खूण करा. लांबी, रुंदी आणि ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १,०००ने भागा. आलेला आकडा म्हणजे लिटर.

तीन रात्रींसाठी साधारण हिशेब असा येतो. उणे १० अंशांची पिसांची स्लीपिंग बॅग फार न दाबता १२ ते १४ लिटर घेते (कृत्रिम भरणीची असेल तर २०च्या वर). फेदर जॅकेट, फ्लीस, जादा थर्मल आणि मोजे ११ लिटर, दोघांच्या तंबूतला आपला अर्धा वाटा ६, शेगडी, भांडं आणि गॅसचा छोटा डबा मिळून ३, शिधा दिवसाला २ प्रमाणे ६, हवेची मॅट ३, औषधं, हेडटॉर्च आणि किरकोळ वस्तू ४. बेरीज ४६ च्या आसपास जाते.

यात १०-१२ टक्के मिळवा. कारण घरातल्या खोक्यात जे बसतं ते तिसऱ्या दिवशी सकाळी बसत नाही. तंबूच्या कापडावर आतून दहिवर गोठलेलं असतं, घडी नीट पडत नाही, बोटं आखडलेली असतात आणि स्लीपिंग बॅग ओलसर असताना जोर लावून कोंबली तर पिसांचे गोळे होतात. म्हणून मुख्य कप्पा ५० ते ५२ लिटर आणि बाहेरचे खिसे वेगळे. त्यापेक्षा मोठी केली तर रिकामी जागा भरायचा मोह होतो आणि सामान आत हेलकावे खातं.

कारागिराला लिटर सांगून भागत नाही, घेर आणि उंची सांगावी लागते. सॅक भरली की गोलाकडे झुकते, म्हणून घेराचा वर्ग करा, १२.५७ ने भागा, उंचीने गुणा आणि १,०००ने भागा. घेर १०० सेंमी आणि भरायची उंची ७० सेंमी धरली तर ५५.७ लिटर येतात. पाठीची बाजू सपाट असल्यामुळे त्यातले आठ-दहा टक्के वजा करा, म्हणजे प्रत्यक्ष ५१. वर तोंड गुंडाळायचं असेल तर २५ सेंमी कापड जास्तीचं. कमीत कमी तीन वेढे बसले पाहिजेत, नाहीतर वाऱ्याबरोबर बर्फाची भुकटी आत शिरते.

तयार सॅकशी तुलना करताना एक फसगत होते. काही उत्पादक बाहेरचे खिसे आणि वरची वाढीव कॉलरही लिटरमध्ये धरतात, काही फक्त मुख्य कप्पा सांगतात. विचारताना ‘खिसे आणि वाढ सोडून आतला कप्पा किती?’ असंच विचारा.

पाठीचं माप

उंचीवरून पाठीची लांबी ठरत नाही. पाच फूट दहा इंच उंचीच्या दोघांच्या पाठीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. माप स्वतःचं स्वतः घेता येत नाही, दुसऱ्याला टेप धरायला सांगा. मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जे हाड सगळ्यात जास्त वर येतं तिथे टेपचं टोक. आता दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे, तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकवून ठेवा. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मणक्याला जिथे छेदते तिथपर्यंतचं अंतर, पाठीच्या वळणावरून टेप चिकटवत मोजा. मोठ्या माणसांत ते बहुधा ४० ते ५३ सेंमी भरतं. तीनदा मोजा आणि मान सरळ करून उभं राहून मोजा. वाकून मोजलं तर माप दोन-तीन सेंमीने वाढतं आणि सॅक लांब शिवली जाते. लांब सॅकचा पट्टा कमरेखाली नितंबांवर घसरतो, मग सगळं ओझं खांद्यावर येतं.

कमरेचं माप पँटच्या मापावरून देऊ नका. कमरपट्टा बसतो तो हाडाच्या वरच्या कडेवर, आणि थंडीत त्याच्या आत तीन थर असतात. चालताना जे अंगात असेल ते घालून, म्हणजे थर्मल, फ्लीस आणि वरचं वाऱ्याचं जॅकेट घालून, हाडावरून टेप फिरवा. नुसत्या टीशर्टवर घेतलेल्या मापापेक्षा ते ४ ते ८ सेंमी जास्त येतं. फेदर जॅकेट घालून मात्र मोजू नका, ते चालताना अंगात नसतं. पट्ट्याचे गादीचे दोन पंख पुढे येऊन मध्ये १० ते १५ सेंमी मोकळी जागा राहावी. पंख एकमेकांना टेकले तर पट्टा आवळायला जागाच उरत नाही आणि चार-पाच दिवसांत माणूस बारीक झाला की सॅक सैल होते.

खांद्याच्या पट्ट्यांचा आकारही सांगून घ्यावा. भरदार छातीला आणि बहुतेक स्त्रियांना इंग्रजी ‘एस’सारखा दोनदा वळलेला पट्टा नीट बसतो, सपाट छातीला ‘जे’ वळण चालतं. रुंदी ६ ते ७ सेंमी, भरणी ८ ते १० मिमीची, बंद पेशींच्या (पाणी न पिणाऱ्या) फोमची. जाड आणि मऊ स्पंज दुकानात छान वाटतो पण १५ किलोखाली पहिल्या तासात चपटा होतो आणि पाणीही पितो.

वजन कुठे वाचवायचं

हलकी सॅक म्हणजे महाग कापड, अशी समजूत आहे. हिशेब करून पाहू. वरच्या मापाच्या सॅकला अंग, तळ आणि खिसे मिळून साधारण १.२५ चौरस मीटर कापड लागतं. एक्स-पॅक व्हीएक्स २१ हे तीन थरांचं कापड चौरस मीटरला सुमारे २०५ ग्रॅम भरतं, अल्ट्रा २०० हे कापड सुमारे १२०. म्हणजे त्यापेक्षा कितीतरी महाग कापड घेऊन वाचतात जेमतेम ११० ग्रॅम. चहाच्या दोन कपांहूनही कमी. याउलट वरचं वेगळं झाकण काढून टाकलं तर १०० ते १५० ग्रॅम फुकटात जातात. तळाचा वेगळा स्लीपिंग बॅगचा कप्पा, त्याची चेन आणि आतला पडदा, पाण्याच्या पिशवीचा खण, जागोजागी लोंबणारे फासे, दीड मीटर लांब सोडलेले पट्टे यांत आणखी दोन-तीनशे ग्रॅम असतात. बाजारातल्या ६० लिटरच्या सॅका २ किलोच्या पुढेमागे असतात त्या यामुळेच. नीट शिवलेली, सांगाडा आणि कमरपट्टा असलेली ५० लिटरची सॅक १ ते १.३ किलोत बसते.

एका जागी मात्र काटकसर करू नये: सांगाडा आणि कमरपट्टा. उन्हाळ्यात ८-९ किलो घेऊन हिंडणारे बिनसांगाड्याची सॅक आनंदाने वापरतात आणि ते योग्यच आहे. पण ओझं १०-११ किलोच्या वर गेलं की बिनसांगाड्याची सॅक मधोमध मोडते, तिची उंची खचते आणि कमरेवर जाणारा भार पुन्हा खांद्यावर चढतो. थंडीत याचा दुसरा तोटा होतो. आवळलेल्या खांद्यांमुळे हातांत रक्त कमी उतरतं आणि बोटं लवकर गार पडतात. सांगाड्याच्या दोन पट्ट्यांचे मिळून सव्वाशे ग्रॅम वाचवायला ही किंमत फार मोठी आहे.

सोपा आणि टिकाऊ सांगाडा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चपट्या पट्ट्या. अंदाजे १२ मिमी रुंद, ३ मिमी जाड, ६० सेंमी लांब पट्टी ६० ते ६५ ग्रॅम भरते. ६०६१ जातीची पट्टी गुडघ्यावर ठेवून हाताने वाकवता येते, ७०७५ जास्त ताठ असते आणि वाकवायला कठीण. कार्बनच्या काड्या हलक्या असतात पण पाठीच्या वळणाप्रमाणे वळवता येत नाहीत. पट्ट्यांची खालची टोकं कमरपट्ट्याच्या आतल्या खोबणीत उतरली पाहिजेत. नुसत्या सॅकच्या तळाशी टेकत असतील तर भार कमरेला पोचतच नाही, आणि ही चूक नवख्या कारागिरांकडून सर्रास होते. वरची टोकं खांद्यापेक्षा ५ ते ८ सेंमी उंच हवीत. तिथून खांद्याच्या पट्ट्याकडे येणारा ताणपट्टा, ज्याला सगळे लोड लिफ्टर म्हणतात, ३० ते ४५ अंशांत वर जायला हवा. तो आडवा असेल तर नुसती शोभा.

पाठीला ताठपणा यावा म्हणून काही जण स्वस्तातली सनपॅक शीट घालतात. ती पॉलिप्रॉपिलिनची असते आणि शून्याखाली ठिसूळ होऊन घडीवर तडकते. त्याऐवजी १ मिमीची एचडीपीईची (घट्ट जातीच्या पॉलिथिनची) शीट सांगा. ती गोठणाऱ्या थंडीतही चिवट राहते.

कापड

डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. २१० डेनियर म्हणजे तेवढं सूत २१० ग्रॅमचं. आकडा मोठा तितकं कापड जाड, एवढंच त्यातून कळतं. विणीची घट्टी, सुताची जात आणि आतला लेप वेगळा विचारावा लागतो. आमचा कौल असा: अंगाला २१० डेनियरचं चिवट नायलॉन किंवा व्हीएक्स २१, तळाला आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटांखाली लावायचे धातूचे दात) बांधायच्या जागी ४२० ते ५०० डेनियर. सॅक शंभर वेळा बर्फावर, खडकावर, जीपच्या टपावर आपटली जाते आणि प्रत्येक वेळी तळच घासतो. अंगाचं कापड ७० डेनियरपर्यंत उतरवायचा मोह टाळा. क्रॅम्पॉनचा एक दात आणि हातभर फाटलं.

आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप मुंबई-कोकणातल्या माणसाने विशेष तपासावा. दमट आणि उबदार हवेत हा लेप विरघळायला लागतो, आधी चिकट होतो, घाणेरडा वास सुटतो आणि मग पापुद्रे निघतात. माळ्यावर तीन पावसाळे काढलेल्या कितीतरी सॅकांचं असं झालेलं असतं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन दिलेलं किंवा आत पॉलिस्टरची फिल्म असलेलं कापड याबाबतीत जास्त टिकतं. फिल्मच्या कापडात मात्र ओलं ठेवल्यास थरांमध्ये बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते धुऊन निघत नाहीत.

आतून रंग फिका मागा, पांढरा, राखाडी किंवा पिवळा. संध्याकाळी सहाला अंधार पडल्यावर काळ्या कापडाच्या सॅकमध्ये काळा हातमोजा शोधायला हेडटॉर्चही पुरत नाही. बाहेरून नारिंगी किंवा लाल, म्हणजे ताज्या बर्फात अर्धी पुरलेली सॅकही दिसते.

कापड पाणी अडवतं म्हणून सॅक कोरडी राहते असं नाही. शिलाईच्या प्रत्येक भोकातून ओल येते. आत जाड पॉलिथिनची एक मोठी पिशवी घालून तिच्यात सगळं भरा, आणि स्लीपिंग बॅगला तिची स्वतंत्र वॉटरप्रूफ पिशवी. रेनकव्हर शिवून घेऊ नका. कड्यावरच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं, आणि त्याच्या तळाशी बर्फ साठतो.

हातमोजे घालून उघडता आलं पाहिजे

थंडीची सॅक आणि उन्हाळ्याची सॅक यांतला खरा फरक इथे आहे. बकल, दोरी, चेन, जे जे हाताने चालवायचं ते जाड हातमोजा घालून, न बघता चाललं पाहिजे. उणे १० अंशांत वाऱ्यात हातमोजा काढून दोन मिनिटं बकलाशी झगडलात की पुढची दहा मिनिटं बोटं ऊब धरत नाहीत.

हलक्या सॅकांवर १० आणि १५ मिमीची इवलीशी बकलं लावायची पद्धत आहे. ती नाकारा. बाजूच्या आणि वरच्या पट्ट्यांना २० मिमी, कमरेला २५ किंवा ३८ मिमी. वजनात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडतो. अ‍ॅसिटल प्लॅस्टिकची बकलं मागा, साध्या पॉलिप्रॉपिलिनची स्वस्त बकलं गोठल्यावर तडकतात. अरुंद आणि गुळगुळीत पट्टा बर्फाळला की बकलातून हळूहळू सरकतो, आणि दर वीस मिनिटांनी सॅक आवळावी लागते. पट्टा नायलॉनचा असेल तर तो पाणी पितो, भिजून लांबतो आणि रात्री लाकडासारखा कडक होतो. पॉलिस्टरचा पट्टा यात बरा.

बाजूला नागमोडी ओवलेली ३ मिमीची दोरी दिसायला सुटसुटीत आणि वजनाला हलकी असते. गाठ गोठल्यावर ती सोडवायला दात लागतात. त्याऐवजी प्रत्येक बाजूला दोन पट्टे, वर एक आणि खाली एक, मोकळ्या होणाऱ्या बकलांसह. म्हणजे ओला तंबू किंवा बर्फावर चालायचे स्नोशू त्यांत अडकवता येतात. तोंडाला गुंडाळून बंद करायची पद्धत आणि त्यावरून इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा एक पट्टा, ही जोडी आम्हाला थंडीसाठी सगळ्यात भरवशाची वाटते. नाडीचं तोंड असेल तर नाडी भिजून गोठते आणि तिचा लॉक दाबला जात नाही.

मुख्य कप्प्याला लांब चेन नको. ती वाळूच्या कणाएवढ्या बर्फाने अडकते, आणि फाटली की सॅकच निकामी. खिशांना ५ नंबरची साधी गुंडाळी-दातांची चेन पुरे, वर कापडाची झडप. पाणीरोधक लेपाच्या चेनी गारठल्यावर ताठ होतात. प्रत्येक ओढणीला ६-७ सेंमीचा दोरीचा फास बांधून घ्या, अंगठा अडकेल एवढा.

पाठ, खिसे आणि बर्फ

दुकानात मान्यता असते ती जाळीदार, हवा खेळणाऱ्या पाठीला. सह्याद्रीत मार्चमध्ये ती सुखाची आहे. बर्फात तिच्या प्रत्येक छिद्रात कण अडकतात, अंगाच्या उबेने वितळतात आणि दुपारच्या विसाव्यात पुन्हा गोठतात. मग सॅक चढवताना पाठीवर बर्फाची पाटी टेकते. पाठीची बाजू सपाट, गुळगुळीत कापडाची, आत ५ ते ८ मिमीचा बंद पेशींचा फोम, एवढीच ठेवा. हाताने झटकली की बर्फ पडला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूलाही जाळी नको.

बाहेरचा पुढचा खिसाही ताणणाऱ्या जाळीचा नको. तो फांद्यांत अडकतो आणि बर्फ गाळत बसतो. साध्या कापडाचा, बाजूंना १० ते १२ सेंमी घडी दिलेला, तळाशी पाणी निघायला एक भोक असलेला खिसा सांगा. ओलं जॅकेट, गायटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायावर चढवायचं कापड) आणि बर्फ खणायचं छोटं फावडं त्यात राहतं. क्रॅम्पॉन उघडे कधीच अडकवू नका, त्यांना जाड कापडाची वेगळी पिशवी. आइस अ‍ॅक्ससाठी खाली एक फास आणि वर एक पट्टी पुरते.

बाजूचे खिसे पुढे कललेल्या तोंडाचे आणि पुरेसे ढगळ ठेवा. लोकरीच्या मोज्यात घातलेली लिटरची रुंद तोंडाची बाटली त्यात बसली पाहिजे आणि सॅक न काढता हाताला लागली पाहिजे. बाटली उलटी ठेवायची. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे तो बुडाकडे धरतो आणि झाकण मोकळं राहतं. नळीची पाण्याची पिशवी इथे उपयोगाची नाही, नळी तासाभरात गोठते, म्हणून तिच्यासाठी खण आणि भोक शिवून घेऊच नका.

शिलाई कशी तपासायची

सॅक क्वचितच कापडाच्या मधोमध फाटते. ती उसवते पट्ट्यांच्या मुळाशी. खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक, त्याचं खालचं टोक आणि कमरपट्ट्याची जोडणी, या जागी पट्टा शिवणीत खोल गेलेला हवा, खाली जाड कापडाचं अस्तर हवं आणि दाट आडव्या टाक्यांचे दोन बार किंवा चौकटीत फुली मारलेली शिलाई हवी. खालचे पट्टे थेट अंगाच्या शिवणीत न घालता आधी त्रिकोणी तुकड्यात आणि तो तुकडा शिवणीत, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता लांबीवर वाटली जाते.

टाका ३ ते ३.५ मिमीचा. जास्त दाट टाका म्हणजे जास्त पक्का असं वाटतं, पण फिल्म असलेल्या कापडात २ मिमीच्या टाक्याने टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ओढ बसली की तिथेच फाटतं. दोरा बाँडेड (धागे सुटू नयेत म्हणून चिकटवलेला) नायलॉन किंवा पॉलिस्टर, साधारण टेक्स ७० जाडीचा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप). सुती दोरा असेल तर सॅक घेऊ नका. आतल्या कडा पट्टी लावून बंद केलेल्या हव्यात. हेडटॉर्च आत ठेवून अंधारात सॅक बाहेरून बघा, चुकलेला टाका आणि मोकळी भोकं लगेच दिसतात.

कुणाकडून आणि कसं

परदेशात हे काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांची परंपरा आहे. अमेरिकेत युटामधली यूएलए, सिएटलमधली मकहेल, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली अ‍ॅटम पॅक्स वगैरे. त्यांच्याकडून मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च किमतीत धरा, आणि बसली नाही तर परत पाठवण्याचा खर्च जवळजवळ अव्यवहार्य असतो हेही. म्हणून मापं लेखी पाठवा आणि त्यांच्याकडून लेखी पक्की करून घ्या.

इथल्या कारागिराकडून करायची तर त्याच्याकडे जाड कामाचं औद्योगिक मशीन आहे का ते आधी पाहा. घरगुती मशीन २१० डेनियर शिवतं, पण पट्टा, फोम आणि कापड मिळून सहा थर आले की सुई वाकते आणि टाके सुटतात. पहिल्यांदा शिवणाऱ्याकडून आधी मांजरपाटाची कच्ची सॅक करून घ्या. तिला खरे पट्टे टाचायचे, घरातलं सामान भरायचं, पाठीवर घालून बघायचं, खडूने खुणा करायच्या आणि मगच महागाचं कापड कापायचं. आणखी एक स्वस्त मार्ग आहे. जुन्या चांगल्या सॅकचा कमरपट्टा, खांद्याचे पट्टे आणि सांगाडा शाबूत असेल तर ते उसवून नव्या अंगाला लावून घ्या. शिवायला सगळ्यात अवघड भाग तोच असतो.

कारागिराला दिलेल्या कागदावर एवढं असू द्या:

- पाठीचं माप, थरांवरून घेतलेलं कमरेचं माप, छाती आणि उंची
- घेर वरचा आणि खालचा, भरायची उंची, गुंडाळायची वाढ
- पाण्यासकट जास्तीत जास्त ओझं किती किलो
- कापड अंगाला कोणतं, तळाला कोणतं, आतला रंग
- प्रत्येक बकलाची रुंदी
- बाजूच्या खिशात बसायच्या बाटलीचा व्यास
- पट्टे सुटे करता येणार का, आणि दुरुस्ती कोण करणार

डिसेंबरची वारी असेल तर ऑगस्टपर्यंत मागणी द्या. शिवायला दीड-दोन महिने सहज जातात आणि दिवाळीनंतर बदल करायला वेळ उरायला हवा.

हातात आल्यावर

आधी सांगाड्याच्या पट्ट्या बाहेर काढून वाकवा. भिंतीशी पाठ लावून उभं न राहता, चालताना असतो तसा किंचित पुढे झुकून, दुसऱ्याला पट्टी तुमच्या कमरेच्या खळगीपासून खांद्यापर्यंत धरायला सांगा आणि थोडी थोडी वाकवत जा. एकदम जोर दिला तर एकाच जागी कोन पडतो आणि तिथेच ती पुढे मोडते. दोन्ही पट्ट्या सारख्या झाल्या का ते एकावर एक ठेवून बघा.

मग १४ किलो भरा. तांदळाच्या पिशव्या रजईत गुंडाळून पाठीलगत, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. हलकं सामान तळाशी आणि बाहेरच्या अंगाला. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. कमरपट्टा हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी आणून आवळा. खांद्याचे पट्टे खांद्याला लागतील एवढेच ओढा. ताणपट्टे शेवटी, आणि हलके. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. पट्टा आणि खांदा यांत मागच्या बाजूला मोठी फट दिसली तर सॅक लांब झाली आहे. कमरपट्टा पोटावर चढत असेल तर आखूड. लोकरीची टोपी आणि जॅकेटची टोपी चढवून मान मागे करा, डोकं सॅकला अडलं तर चढावर वर बघता येणार नाही.

दोन तास तरी चाला. पुण्यातले लोक आतकरवाडीतून सिंहगड चढतात, तेवढा सराव उत्तम. घसरणं, काचणं, करकर आवाज हे सगळं पहिल्या तासानंतर समजतं.

शेवटची चाचणी फ्रीजरची. कमरपट्टा आणि खांद्याचे पट्टे निघत असतील तर ते, नाहीतर सॅकचं तोंड, बकलांसह पाण्याने भिजवा, निथळा आणि रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो. सकाळी बाहेर काढून लगेच, हातमोजे घालून, प्रत्येक बकल उघडा आणि लावा, पट्टे सोडा आणि ओढा, चेन चालवा. जे अडतं ते आताच बदलून घ्या.

विमानाने डेहराडूनला जाताना देशांतर्गत उड्डाणांत चेक-इनला बहुधा १५ किलोची मर्यादा असते. लोंबणारे पट्टे सरकत्या पट्ट्यात अडकून उसवतात, म्हणून कमरपट्टा उलटा फिरवून पुढून लावा आणि सॅक पोत्यात किंवा मोठ्या पिशवीत घाला. गॅसचे डबे विमानात कुठेच चालत नाहीत, ते तिकडेच घ्यावे लागतात.

मुक्कामाला पोचल्यावर पाठीची बाजू आणि पट्टे आधी ब्रशने किंवा हातमोज्याने झटका, बकलं एकदा उघडून बर्फ उडवा, मग तोंड गुंडाळून सॅक तंबूत घ्या आणि रिकामी सॅक पायांखाली अंथरा. मॅट जिथे संपते तिथून येणारी थंडी ती अडवते. बाहेर ठेवायचीच वेळ आली तर पट्टे खाली, बर्फाकडे न ठेवता वर ठेवा.

घरी परतल्यावर पट्ट्या काढून सॅक उलटी करून सावलीत दोन दिवस वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, थर सुटतात. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर न टाकता खोलीत खुंटीला, तोंड उघडं ठेवून टांगा, आणि महिन्यातून एकदा आत हात घालून लेप चिकट लागतोय का ते पाहा. बरोबर न्यायच्या दुरुस्तीच्या डबीत एक जादा २० मिमी आणि एक कमरेच्या मापाचं बकल (शिवण न उसवता लावता येणारं), जाड सुई, दोन मीटर बाँडेड दोरा आणि हातभर चिकट कापडी पट्टी असू द्या. पट्टी खिशात, अंगाजवळ ठेवा, गारठलेला डिंक चिकटत नाही.